आकड्याचा दगड, अक्षराचा दगड

अमेरिकेच्या राजधानीच्या मुलखाची, वॉशिंग्टनची, हद्द १७९१ आणि १७९२ या दोन वर्षांत आखली गेली. दहा मैल बाय दहा मैलांचा चौरस, नकाशात कोपऱ्यावर उभा राहिलेला, आणि त्याच्या चारही बाजूंना मैलामैलावर एक असे वालुकाश्माचे चाळीस दगड. दगडाच्या एका अंगावर हा अंमल अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा आहे असं कोरलेलं, पाठीमागच्या अंगावर पलीकडच्या राज्याचं नाव, तिसऱ्यावर साल, आणि चौथ्यावर त्या जागी होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते तो आकडा. भाचीने मोबाइलवर या दगडांचे फोटो मामांना दाखवले आणि कोकणातल्या सावर्डे गावी एका पडवीत वादाला तोंड फुटलं. मी शेजारी, म्हणून ऐकायला होतो. चहा दोनदा झाला, वाद एकदाही थांबला नाही.

मामा भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले मोजणीदार. तेहतीस फुटांची साखळी आणि तिचे सोळा आणे, प्लेन टेबल, आणि नोकरीच्या शेवटी हातात आलेला, उपग्रहाच्या मदतीने मोजणारा रोव्हर, या सगळ्यावर त्यांनी काम केलेलं. भाची सावर्ड्याच्याच सह्याद्री कला महाविद्यालयात शिल्पकला शिकली. दगड दोघांचाही. पण एकाला तो कुठे आहे याच्याशी मतलब, दुसरीला तो काय आहे याच्याशी.

मामा : सुईचा ढळ कोरलाय? दगडावर? बघू बघू. हा माणूस मोजणीतला खरा. कोण होता?

भाची : अँड्र्यू एलिकट. आणि सुरुवातीला त्याच्याबरोबर बेंजामिन बॅनेकर होता. कृष्णवर्णीय, पण गुलाम नव्हे, आपल्या हिमतीवर गणित आणि खगोलशास्त्र शिकलेला. दक्षिणेच्या कोपऱ्याची जागा ठरवायला ताऱ्यांचे वेध त्याने घेतले. पहिला दगड १५ एप्रिल १७९१ला बसला.

मामा : ताऱ्यावरून धरलेली जागा. ती बदलत नाही हो. आमच्याकडे लगतचा कब्जेदार सांगायचा, 'आंब्यापासून धरा', आणि आंबा दोन वर्षांपूर्वीच तोडलेला.

भाची : पण पुढचं ऐका. पोटोमॅक नदीच्या पलीकडचा तुकडा १८४६मध्ये व्हर्जिनियाला परत दिला. म्हणजे त्या बाजूच्या दगडांनी राजधानीची हद्द दाखवायचं काम पंचावन्न वर्षांतच संपलं. दगड मात्र अजून उभे. कुठे रस्त्याकडेला, कुठे कुणाच्या घरामागच्या बागेत. आता सांगा, हद्द गेली, मग तो दगड जागेवर ठेवून कुणाचं काय भलं होतंय? वालुकाश्म आहे, अक्षरं झिजतायत. आत न्या, सावलीत ठेवा.

मामा : तिथल्या लोकांनी काय केलं?

भाची : १९१५पासून एका महिला संस्थेने एकेका दगडाभोवती लोखंडी जाळीचं कुंपण घातलं.

मामा : जागेवरच ना? झालं तर मग. त्या बायकांना कळलं.

ही मामांची पद्धत. समोरच्याच्या तोंडून आलेल्या माहितीवरच ते निकाल देऊन मोकळे होतात. भाचीने मग अमेरिका सोडून विषय थेट कोकणात आणला, आणि तिथे तिचं पारडं जड होतं.

भाची : आपल्याकडचं बोलू. उत्तर कोकणचे शिलाहार. राजधानी ठाणे, तेव्हाचं श्रीस्थानक. त्यांच्या मुलखात दान दिलेल्या जमिनीवर गधेगाळ उभे करत. वर सूर्य आणि चंद्र कोरलेले, म्हणजे ते दोघं आहेत तोवर हे दान चालू. मध्ये लेख. आणि खाली गाढव आणि बाई. जो हे दान मोडील त्याच्या आईवर गाढव...

मामा : कळलं. पुढे बोल.

भाची : पुढे काय बोलू? तुम्हाला पडवीत बसून ऐकवत नाही, आणि दगड आठशे-नऊशे वर्षं उघड्यावर उभा.

मामा : अगो, भीती घालायला उभा. त्या काळी वाचता येणारे किती? लेख शास्त्र्यासाठी, चित्र शेतकऱ्यासाठी. बांध कोरणारा माणूस वाचून थांबत नाही, भिऊन थांबतो. आमच्याकडे जमीन महसूल संहिता आहे, १९६६ची. हद्दीच्या निशाण्या सांभाळायची जबाबदारी जमीनधारकाची, निशाणी मोडली तर दंड. तीस वर्षांत दंडाला भ्यालेला मी बघितला नाही. शिलाहारांना माणसं कळत होती.

भाची : दान देणारा पुरुष, घेणारा पुरुष, मोडणारा पुरुष. दगडावर एकटी बाई. त्या व्यवहारात तिचा संबंध काय? तिची सही नाही, तिचं नाव नाही. शिक्षा मात्र तिच्या अंगावर, आणि तीही कायमची, चंद्र-सूर्य असेपर्यंत. म्हणून मला गधेगाळ जागेवर नको आहे. कुठे त्याला शेंदूर फासून देव केलाय, कुठे अपशकुनी म्हणून उलथा टाकलाय. संग्रहालयात ठेवा, शेजारी पाटी लावा, हे काय होतं ते सरळ लिहा.

इथे मामा गप्प झाले. मला वाटलं विषय संपला. पण ते मोजणीदार. अडलं की जुना कागद काढतात.

मामा : अक्षीचा दगड गधेगाळच ना?

भाची : हो. अलिबागजवळ. शके ९३४, म्हणजे सन १०१२. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याचं नाव घेतात. त्याच्या सालाच्या वाचनावर जाणकारांत वाद आहे, तो सोडा.

मामा : तो कुठे आहे?

भाची : अक्षीतच. कित्येक वर्षं रस्त्याकडेला दुर्लक्षित होता. अलीकडे कुठे चौथऱ्यावर नीट उभा केला.

मामा : म्हणजे अक्षीचा दगड अक्षीत. आणि चिपळूणचा?

भाची : चिपळूणचा कुठला?

मामा : मल्लिकार्जुन शिलाहाराचा. शके १०७८, सन ११५६. आपल्या चिपळुणात सापडलेला. ठाण्याच्या जुन्या गॅझेटिअरात लिहिलंय, मरीन सर्व्हेच्या एका साहेबाला तो एका भिंतीखाली मिळाला आणि त्याने तो रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेकडे धाडला.

भाची : बघा! तुमच्याच सर्व्हेवाल्याने उचलला. आणि उचलला म्हणून वाचला. नाहीतर भिंत पडली असती, दगड कुणाच्या तरी पायरीला लागला असता.

मामा : वाचला खरा. पण कुठली भिंत गो? गोवळकोटाकडची? बाजारातली? देवळाची? 'चिपळुणात एका भिंतीखाली', एवढंच. मोजणीतला माणूस, हातात कंपास असणार, आणि जागा लिहून ठेवली नाही. राजा कळला, साल कळलं. जमीन कुठली ते गेलं. मी असं टिपण दिलं असतं तर साहेबाने तोंडावर फेकलं असतं.

या मुद्द्यावर मी मामांच्या बाजूचा झालो, हे सांगून टाकतो. दगड हलवणं वाईट नाही. न लिहिता हलवणं वाईट. पण भाचीने ताबडतोब असं उदाहरण पुढे केलं की माझी बाजू पुन्हा डळमळली.

भाची : परळचा घ्या. शिलाहार अपरादित्याचा लेख, शके ११०८. तोही आता मुंबईच्या संग्रहालयात. त्यात स्वच्छ लिहिलंय, षट्षष्टीतल्या, म्हणजे साष्टीतल्या माहुली गावच्या एका वाडीच्या उत्पन्नातून चोवीस द्रम्म नाणी, वैद्यनाथाच्या पूजेसाठी. शेवटची शापाची ओळ मराठीत. माहुली म्हणजे आजचं माहुल, चेंबूरच्या पलीकडे. तिथे आता तेलशुद्धीकरणाचे कारखाने. वाडी गेली, नारळी गेल्या. दगड तिथे राहिला असता तर एखाद्या टाकीच्या पायात गाडला गेला असता. संग्रहालयात गेला, तरी माहुलचं नाव त्याच्या अंगावर आहे. तो कुठेही ठेवा, साक्ष माहुलचीच देणार.

मामा : दान माहुलचं, आणि दगड सापडला परळला?

भाची : हो.

मामा : म्हणजे एकतर तुमच्या संग्रहालयाच्या आधीच तो हलला होता, नाहीतर मुळात वाडीच्या हद्दीवर उभाच नव्हता. हे कुणी विचारलं का?

भाची : मामा, तुम्ही निवृत्त झालायत.

चहा दुसऱ्यांदा आला तो इथे. बाहेर महामार्गावरून गाड्या जात होत्या. मुंबई-गोवा महामार्ग सावर्ड्याच्या पोटातून जातो. आधी त्याचा आकडा १७ होता, आता ६६. चौपदरीकरणात जुने किलोमीटरचे दगड उपटले गेले, नवे आले. त्या दगडांवर जवळच्या गावांची नावं बदलत राहतात, पण मुंबई मात्र वर्षानुवर्षं ठाण मांडून. कोकणातल्या माणसाला मुंबई किती लांब हे आधी एसटीने शिकवलं, मग रेल्वेने, आणि सगळ्यांच्या आधी या दगडांनी. म्हणून मला राजधानीची हद्द म्हटल्यावर ठाणं आठवत नाही, मुंबईच आठवते. मी तो विषय काढला आणि दोघंही त्यावर तुटून पडले.

मुंबईत मैल मोजायचे ते फोर्टमधल्या सेंट थॉमस चर्चपासून. हे चर्च १७१८मध्ये उघडलं. चर्चगेट हे तटाच्या दरवाजाचं नाव त्याच्यावरूनच पडलं. चर्चपासून बाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर काळ्या दगडाचे मैलाचे खांब एकोणिसाव्या शतकात रोवले गेले, रोमन आकडे कोरलेले. तट १८६०नंतरच्या काही वर्षांत, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, पाडला गेला. मैलाचे दगड राहिले. काळबादेवीपासून परळ-दादरपर्यंत त्यातले डझनभराहून जास्त आज सापडतात. सापडतात म्हणायचं कारण, फुटपाथवर एकावर एक फरशा चढत गेल्या आणि दगड खचत खचत डोक्यापर्यंत जमिनीत गेले. महापालिकेच्या वारसा जतन कक्षाने अलीकडच्या वर्षांत ते खणून वर काढले, साफ केले आणि आहे त्याच जागी पुन्हा उभे केले.

मामा : आहे त्याच जागी! ऐकलंस?

भाची : ऐकलं. आणि मला पटतंसुद्धा.

मामा : पटतं? मग मघापासून काय...

भाची : कारण या दगडावर फक्त आकडा आहे. त्याला गावाचं नाव नाही, राजा नाही, शाप नाही. नुसता पाचचा आकडा कोरलेला खांब संग्रहालयात ठेवला तर तो पाच कशाचा? तो पाच आहे फक्त त्या एका ठिकाणी. तिथून उचलला की मेला. माहुलचा दगड अक्षरांचा आहे, तो बोलतो. हा बोलत नाही, नुसता बोट दाखवतो.

मला वाटतं त्या संध्याकाळी झालेल्या बोलण्यात हे एकच वाक्य सगळ्यांत कामाचं होतं, आणि ते दगडाची कारागिरी बघणाऱ्या माणसाकडून आलं, मोजणाऱ्याकडून नाही. ज्यावर नावं आहेत तो दगड प्रवास करू शकतो, ज्यावर आकडा आहे तो नाही. वॉशिंग्टनच्या दगडांत दोन्ही आहे, म्हणून त्यांच्याबद्दल भांडण लागतं. मामांना ही वाटणी मान्य होती, पण त्यांना त्यात तिसरा दगड घालायचा होता.

मामा : आणि ज्यावर काहीच नाही तो?

भाची : म्हणजे?

मामा : आमचा. गोल्डस्मिड आणि विंगेटने इंदापुरापासून मोजणी सुरू केली, १८३५च्या सुमाराला. तेव्हापासून गावोगाव दगड पुरले. शिवेवर, सर्व्हे नंबरच्या कोपऱ्यांवर, तीन गावं मिळतात तिथे. त्यातल्या बहुतेकांवर अक्षर नाही, आकडा नाही. काळा दगड, निम्म्याहून जास्त मातीत. तू बघशील तर म्हणशील धोंडा. त्याचं बोलणं सगळं कागदात. टिपण काढायचं, दोन ओळखीच्या निशाण्या धरायच्या, साखळी ताणायची, आणि कागद म्हणतो तिथे कुदळ घालायची. खण्ण वाजलं की मोजणी पास. तुझा शिलाहार सोड, त्या आवाजासारखं सुख नाही.

भाची : आणि वाजलं नाही तर?

मामा : तर मग ज्याचा गळा मोठा त्याचा बांध.

कोकणात हे विशेष खरं. देशावर मोजणी आणि रयतवारी बसत गेली तरी इथे खोती होती. तिच्यासाठी १८८०चा वेगळा कायदा, आणि ती गेली १९४९च्या कायद्याने. जमीन डोंगरउताराची, तुकडे हातरुमालाएवढे, त्यात पोटहिस्से. गडगा घातलेला असतो तो चिऱ्याचा किंवा नुसत्या रचलेल्या धोंड्यांचा, आणि त्यातला कुठला धोंडा सरकारी आणि कुठला आजोबांनी शेतातून वेचून टाकलेला, हे कागदाशिवाय ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

भाची : शेताचं ठीक आहे, पण राजधानीला हद्द असतेच कशाला? मुंबईची बघा. आधी बेट. साष्टी पोर्तुगीजांकडे, मग मराठ्यांकडे, १७७४पर्यंत इंग्रजांना शीवच्या खाडीपलीकडे पाऊल टाकायचं तर दुसऱ्याचा मुलूख. मग खाडीवर बांध झाले. १९५०मध्ये महापालिका जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत गेली, १९५७मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत. एकाही वेळी कुणी दगड कोरल्याचं मी ऐकलं नाही.

मामा : कोरायची गरज काय? जकात नाका होता ना. आंब्याच्या पेट्या घेऊन टेंपो निघाला की ड्रायव्हरला विचार मुंबईची हद्द कुठे. झोपेतून उठवलंस तरी सांगेल.

भाची : जकात गेली, १ जुलै २०१७ला. जीएसटी आला.

मामा : टोल होता.

भाची : छोट्या गाड्यांचा तोही माफ झाला, ऑक्टोबर २०२४मध्ये. आता कारमधून जाणाऱ्याला मुंबई कधी लागली ते कळतच नाही. तुमची हद्द पावतीवर जगत होती, मामा. पावती गेली, हद्द गेली.

मामा : आणि आपल्या पालखीला कोण पावती देतं?

हे मात्र बिनतोड होतं. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, दोन गावांच्या पालख्या एकमेकींना भेटतात ती जागा ठरलेली, आणि पालखी कुठून परत फिरायची ते खांद्यावर घेणाऱ्यांना सांगावं लागत नाही. सावर्ड्यात होल्टे होमाच्या रात्री जळत्या लाकडांनी आकाश पेटतं, त्या धुरातही गावाची शीव कुणाच्या पायाला चुकत नाही. तिथे दगड असेलच असं नाही. एखादा ऐन असतो, पऱ्या असतो, वळण असतं. या हद्दीला नकाशा नाही, पण मान चुकला तर भांडण होतं, आणि मोजणीच्या भांडणापेक्षा मोठं होतं.

भाची : म्हणजे दगडाची गरजच नाही, असं तुम्हीच म्हणताय.

मामा : पालखीला नाही. वारसांना आहे. खांदा देणारे मुंबईला गेले की पालखीची वाट कोण सांगणार? गावठाणांची ड्रोनने मोजणी होते, बघितली असशील. केंद्राची स्वामित्व योजना आली २०२०मध्ये. आधी लोकांनी आपापल्या हद्दीवर चुन्याची रेघ मारायची, मग वरून ड्रोन फोटो घेणार. चुना पहिल्या पावसात जातो. राहतो तो फोटो. भाऊ-भाऊ तेव्हा ज्या रेघेवर राजी झाले तीच कायमची. मग एकाने रेघ मारताना पाय थोडा पुढे टाकला असेल, तर तोही कायमचा.

भाची : आणि तुमच्या काळ्या दगडाखाली कुणी पाय पुढे टाकलाच नव्हता?

मामा : टाकला होता. पण त्याला खणावं लागलं होतं. खणणारा माणूस चार जणांना दिसतो.

दिवेलागण झाली तरी दोघांचं चालूच. भाचीने शेवटी तडजोडीचा प्रस्ताव मांडला. मला तो कलाकाराचा वाटला नाही, चक्क खात्याचा वाटला. आकड्याचा दगड वाहतुकीच्या तोंडावर असेल, ट्रकची धडक बसायची शक्यता असेल, तर अस्सल दगड आत न्यावा आणि जागेवर हुबेहूब नक्कल बसवावी. वॉशिंग्टनलाही काही दगड हरवले, तिथे नवे उभे केले आहेत. मामांना नक्कल शब्दच आवडला नाही.

मामा : नक्कल म्हणजे खोटी निशाणी.

भाची : जागा खरी असेल तर खोटी कशी? तुम्हीच म्हणालात, दगडावर काही नसतं, सगळं जागेत असतं.

मामा : हं.

भाची : मग?

मामा : कशाची करशील? सिमेंटची?

भाची : नाही हो. काळ्याच दगडाची. छिन्नीने.

मामा : जांभ्याची नको, चार पावसाळ्यांत कडा जातील. काळाच घे. आणि पाठीमागच्या अंगावर साल घाल. तू बसवलास ते. जुन्याचं नको. पुढच्या मोजणीदाराला कळलं पाहिजे की इथे माणूस बदललाय.

भाची : पुढचा मोजणीदार ड्रोन घेऊन येणार, मामा. तो दगडाच्या पाठीमागे बघणार पण नाही.

मामा : तरी घाल.